विहिरीतला न

गासच्या प्लासिड तुस्कानोला कीबोर्ड वाजवता येतो, याबद्दल गावात दुमत नाही. किती चांगला वाजवता येतो, याबद्दल आहे. पण कीबोर्डातले आवाज निवडून, त्यांना नावं देऊन, धुतलेल्या कपड्यांसारख्या त्यांच्या घड्या करून ठेवण्यात त्याचा हात धरणारा वसई-विरारमध्ये दुसरा कोणी नाही, हे त्याची टिंगल करणारेही मान्य करतात. टिंगल करणाऱ्यांत त्याची बायको सालोमी पहिली. ती म्हणते, या माणसाला कपाटातले स्वतःचे मोजे सापडत नाहीत, पण त्या पेटीत कुठल्या कोपऱ्यात तुतारी झोपलीय ते डोळे मिटून सांगतो.

प्लासिडचं आयुष्य एका शाळेच्या ग्रंथालयात गेलं. पुस्तक वाचणाऱ्या माणसापेक्षा ते जागेवर ठेवणाऱ्या माणसाबद्दल त्याला जास्त आदर. निवृत्त झाल्यावर सकाळी वाडीतला सोनचाफा तोडायचा, दुपारी झोपायचं आणि संध्याकाळी कीबोर्डपुढे बसायचं, असा त्याचा दिवस ठरला. वाजवण्यासाठीच बसायचं असं नाही. बऱ्याचदा नुसतं आवाजांच्या मांडामांडीसाठी.

आता कीबोर्ड म्हणजे काही बाजाची पेटी नव्हे, की भाता हलवला आणि सुरू झाली. त्यात शेकडो आवाज असतात. देवळातला, म्हणजे चर्चमधला, ऑर्गन, बासरी, सनई, ढोलताशे, पाऊस, घोड्याच्या टापा. गाणं बदललं की आवाज बदलायचा, आवाजाची पट्टी बदलायची, डाव्या हाताला एक आणि उजव्या हाताला दुसरा आवाज नेमायचा, आणि हे सगळं गाणारी बाई श्वास घेते तेवढ्या वेळात. प्लासिड पूर्वी हे चिठ्ठ्यांवर भागवत असे. कीबोर्डच्या कपाळावर आकडे लिहिलेल्या इतक्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असत की कंपनीचं नाव कोणी कधी वाचलेलं नव्हतं. मग राजोडीच्या एका रिसॉर्टमधल्या लग्नात एक चिठ्ठी घामानं सुटली, खालचा आकडा वर दिसायला लागला, आणि नवरानवरीनं केकवर सुरी ठेवली त्याच क्षणी मांडवात बंदुकीच्या फैरी झडल्या. नवरीकडचे एक लष्करातले काका टेबलाखाली गेले. ते जेवायलाही वर आले नाहीत, असं काशीराम सांगतो, पण काशीरामचं सगळंच खरं मानायचं नसतं.

त्यानंतर प्लासिड तुळिंजच्या एका वाद्यांच्या दुकानात गेला आणि ते सॉफ्टवेअर घेऊन आला. टॅबलेट कीबोर्डला वायरनं जोडायचा. प्रत्येक गाण्यासाठी लागणारी सगळी मांडणी एकदा नीट लावायची, तिला नाव द्यायचं आणि साठवायची. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्या त्या मांडण्या क्रमानं रांगेत उभ्या करायच्या. मग मांडवात फक्त पायातलं बटण दाबायचं. पुढचा आवाज आज्ञाधारक पोरासारखा हजर. आणि क्रम मोडलाच, तर वरच्या चौकटीत नाव टाइप करायचं, की तो आवाज निघून येतो. प्लासिडनं हे पाहिलं आणि त्याला निवृत्तीनंतर दुसरं ग्रंथालय मिळालं. या ग्रंथालयात वाचकही नव्हते, म्हणजे काही हरवण्याची भीतीच नव्हती.

आवाजांना कंपनीनं दिलेली इंग्रजी नावं त्यानं पहिल्याच आठवड्यात पुसली. त्याचा नियम जुना होता. वाचक ज्या नावानं पुस्तक मागतो त्या नावानं ते सापडलं पाहिजे. म्हणून गासच्या देवळातल्या आवाजांना गासच्या घरच्या बोलीतली नावं. राजोडीच्या रिसॉर्टमध्ये शनिवार-रविवारी नाचायला येणाऱ्या पोरांसाठी ‘फुल धिंगाना’ वगैरे. आणि खाडीकाठच्या गावांतल्या हळदींसाठी खाडीकाठची नावं. तिकडे बोलताना ण आणि ळ यांना फारसं काम नसतं; त्यामुळे टॅबलेटमध्ये ‘हलद’, ‘जेवान’, ‘मामा नाचतो’, ‘नवरीची आय रडते’ अशी सगळी मंडळी सुखानं नांदत होती.

या खाडीकाठच्या हळदी त्याला काशीराममुळे मिळत. काशीराम म्हणजे त्याचा ढोलकीवाला. वडिलांची भातशेती, स्वतःचा मंडपाचा धंदा, आणि ढोलकी ही त्याची खरी ओळख. प्लासिड ग्रंथालयात होता म्हणून तो त्याला मास्तर म्हणतो. शाळेच्या आवारात पगार घेणारा प्रत्येक माणूस त्याच्या लेखी मास्तरच. दोघांनी मिळून एवढी लग्नं लावलीत की आता त्या लग्नांतली पोरं आपापल्या लग्नाला यांनाच बोलावतात.

काशीरामची आई भागूबाई ही मात्र या जोडीच्या हाती न लागलेली गोष्ट. भागूबाई धवलारीण. लग्नाच्या एकेका विधीला त्या त्या विधीचा धवला गाणारी बाई. धवलारीण गायला लागल्याशिवाय खाडीकाठच्या मांडवात पान हलत नाही. भटजी थांबतात, व्हिडिओवाला थांबतो, नवराही थांबतो. तिचा आवाज म्हातारपणात खाली उतरला होता, जरा खरखरीत झाला होता, आणि प्लासिडच्या मते त्या आवाजासारखा आवाज त्याच्या टॅबलेटमध्ये एकही नव्हता. अशी कबुली तो सहसा देत नाही.

त्याला तिच्या धवल्याला साथ करायची होती. फार वर्षांपासून. एकदा एका मांडवात त्यानं न विचारता मागून हळूच सूर धरला होता. भागूबाई जागीच थांबली. मग वळून शांतपणे म्हणाली, “पोरा, तुजं होव दे. तुजं झाल्यावर मी गाईन.” हा पोरगा तेव्हा पन्नाशीच्या पुढे होता. त्यानं कीबोर्ड बंद केला, आणि पुढच्या प्रत्येक हळदीत धवला सुरू झाला की तो हात मांडीवर ठेवून बसायला लागला.

यंदा काशीरामच्या मुलीचं, रीमाचं लग्न ठरलं आणि भागूबाईनं जाहीर केलं की नातीच्या लग्नात गाऊन ती बसणार. घरात आता लग्नाचं कोणी उरलं नव्हतं आणि बाहेरची लग्नं सुनांनी बघावी. रीमानं आजीकडे एकच हट्ट धरला, की मास्तरकाकांना एका धवल्याला वाजवू दे. नातीपुढे भागूबाईचं काही चालत नाही. ती म्हणाली, एक. पाण्याचा. विहिरीवरून कलशात पाणी भरून आणतात तेव्हाचा. आणि प्लासिडला बोलावून अट घातली, “माजे मागशी ये. फुडं जाव नको.”

म्हणजे एकच धवला, एकदाच. त्यानंतर भागूबाई गाणार नव्हती आणि प्लासिडला दुसरी संधी नव्हती.

मग जे सुरू झालं त्याला सालोमी अजून ‘तो रोग’ म्हणते. भागूबाई सूर पेटीला विचारून लावत नाही. तिचा सूर पांढरी पाचला लागत नाही, काळी चारलाही लागत नाही. दोघींच्या मधल्या फटीत ती बसते आणि तिथेच तिला बरं वाटतं. पेटीवर ही फट वाजवायची सोय नाही. सॉफ्टवेअरमध्ये मात्र आवाजाची पट्टी केसभर वरखाली करून ती तशीच साठवता येते. त्या केसभरासाठी प्लासिड आमंत्रण नसलेल्या हळदींना जाऊन मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहायला लागला. एका ठिकाणी त्याला वाढप्यांतला समजून कोणीतरी हातात भाताचं पातेलं दिलं. त्यानं एक पंगत वाढली आणि पुन्हा खांबाशी आला. घरी येऊन सूर जुळवायचा. खाली नदीच्या वाऱ्यासारखा एक लांब आवाज, वर मंद बासरी. धवला तालमीत गात नाहीत, त्यामुळे भागूबाईला ऐकवून बघायचा प्रश्नच नव्हता. शेवटी एका संध्याकाळी त्याचं समाधान झालं. त्यानं ती मांडणी साठवली आणि भागूबाई म्हणते तसंच नाव दिलं, ‘पानी’.

“एवढी तयारी आपल्या लग्नाला केली नव्हतीस,” सालोमी म्हणाली.

“आपल्या लग्नाला मी वाजवत नव्हतो,” प्लासिड म्हणाला. त्याला हे उत्तर वाटलं.

लग्नाच्या आधीच्या रविवारी मुलगी लविना जेवायला आली. लविना विरारच्या कॉलेजात मराठी शिकवते. तिच्या हातून लग्नपत्रिका, पॅरिशचं पत्रक, दुकानाची पाटी, काहीही दुरुस्त झाल्याशिवाय सुटत नाही. चर्चमधली मिस्सा संपल्यावर फादर तिला चुकवून दुसऱ्या दारानं जातात असं म्हणतात. बापानं तिला टॅबलेट दिला आणि सगळ्या मांडण्यांची एक जादा प्रत करून ठेवायला सांगितलं. लविनानं यादी उघडली आणि तिला दरदरून घाम फुटला. आपण ज्या घरात वाढलो तिथे ‘हलद’. ‘जेवान’. ‘पानी’. ती शांतपणे बसली आणि वरपासून खालपर्यंत प्रत्येक नाव शुद्ध केलं. फक्त एक ठेवलं. ‘पानीपुरी’.

या पानीपुरीची हकिकत सांगायला हवी. नाताळात पॅरिशच्या पोरांनी पाणीपुरीवाल्याचं एक नाटुकलं बसवलं होतं आणि त्यासाठी प्लासिडनं खास आवाज तयार केला होता. न्हाणीतल्या ड्रममध्ये तांब्या पुन्हा पुन्हा बुडवून त्यानं ती गुडगुड टिपली आणि कीबोर्डच्या डाव्या अर्ध्या भागात भरली. उजव्या अर्ध्यात गाडीवरची घंटी ठेवली. पोरं खूश झाली. सालोमीच्या तांब्याला पोचा पडला. नाव त्यानं तुळिंजच्या गाडीवर रंगवलेलं असतं तसं घातलं. ते हिंदी आहे आणि हिंदीत ते बरोबरच आहे, असं म्हणून लविनानं त्याला हात लावला नाही. नियम म्हणजे नियम.

काम आटपून ती ताटावर येऊन बसली आणि म्हणाली, “पप्पा, सगळं साफ केलंय.”

प्लासिड त्या वेळी बोंबलाचा काटा काढत होता. टॅबलेटच्या काचेवर चाफ्याचा चीक लागला होता, तो पोरीनं पुसला असं त्याला वाटलं. “बरं केलंस,” तो म्हणाला.

हळदीच्या दिवशी त्यानं कीबोर्ड अशा जागी मांडला की मांडवामागची विहीर सरळ दिसावी. रांग या वेळी त्यानं त्या रविवारच्या आधीच लावून ठेवली होती. आधी पाहुण्यांसाठी नाचाची गाणी, मग जेवणाआधीची, आणि दिवेलागणीला पाण्याचा धवला, असा काशीरामनं क्रम ठरवला होता. रांगेतली नावं प्लासिडनं वाचली नाहीत. स्वतः लावलेली रांग काय वाचायची? शिवाय चष्मा वाजवण्याचा निराळा, वाचण्याचा निराळा, आणि वाचण्याचा घरी होता. सालोमी आणि लविना पहिल्या ओळीत बसल्या होत्या. सालोमीनं घरून निघताना एवढंच म्हटलं होतं की बंदूक आज घरी ठेव.

क्रम काशीरामनं ठरवला होता, खाडीनं ठरवलेला नव्हता. गावातल्या म्हाताऱ्यांनी भरतीचं गणित केलं. भरती चढली की त्या विहिरीच्या पाण्याला मचूळपणा येतो, आणि नवरीच्या अंगावर मचूळ पाणी घालत नाहीत. पाणी आत्ता आणायचं. हे त्यांनी भागूबाईला सांगितलं. वाजवणाऱ्यांना सांगायचं असतं हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. ‘मामा नाचतो’ ऐन रंगात आला होता, मामा खरोखरच नाचत होता, आणि भागूबाई पदर खोचून उठली. कलश घेतलेल्या सवाष्णी तिच्यामागे निघाल्या.

काशीरामनं ढोलकीवरचा हात न थांबवता मान वळवली. “मास्तर, आय उठली.”

पायातल्या बटणानं जायचं तर मध्ये नाचाची सगळी गाणी होती. प्लासिड मुळीच घाबरला नाही. याच क्षणासाठी तर त्यानं आयुष्यभर पुस्तकं जागेवर ठेवली होती. त्यानं वरच्या चौकटीत बोट ठेवलं आणि भागूबाई ज्याला जे म्हणते ते टाइप केलं. प, काना, न, दुसरी वेलांटी. एकच नाव निघालं. एक निघालं म्हणजे तेच, हा ग्रंथपालाचा आत्मविश्वास. नावापुढे आणखी दोन अक्षरं होती ती चष्म्याविना दिसली नाहीत. त्यानं ते दाबलं, डावा हात खालच्या पट्ट्यांवर ठेवला, उजवा वर, डोळे मिटले, आणि विहिरीच्या काठावरून भागूबाईचा सूर यायची वाट पाहिली.

तिनं सूर लावला. पांढरी पाच आणि काळी चारच्या बरोबर मधल्या फटीत.

प्लासिडनं तिच्यामागून हात टेकवले. मांडवातल्या स्पीकरमधून टिंग टिंग टिंग अशी पाणीपुरीवाल्याची घंटी वाजली आणि तिच्याखाली काहीतरी मोठं, खोल बुडालं. मागच्या खुर्च्यांवरची पोरं फिदीफिदी हसली. एकजण तर गाडी कुठे आली म्हणून बाहेर बघायला लागला. काशीरामनं ढोलकीवर दोन्ही तळहात ठेवले. लविनाचा चेहरा असा झाला की सालोमीला वाटलं हिला उन्हानं काही झालं. प्लासिडनं हात उचलले नाहीत. ते उचलायचं त्याला सुचलंच नाही.

भागूबाई थांबली. आधीही ती अशीच थांबली होती, हे तिथल्या दोघांना आठवत होतं. काठावर उभी राहून तिनं मांडवाकडे पाहिलं. दोर धरलेल्या बाईनं विहिरीत कलश सोडलेला होता, तो पाण्याला लागला आणि भरायला लागला. त्या आवाजाकडे भागूबाईनं कान दिला. मग पुन्हा मांडवाकडे.

“पोरा, ती टिंगटिंग बंद कर,” ती म्हणाली. “खालचा ऱ्हाव दे.”

प्लासिडनं उजवा हात मांडीवर घेतला. भागूबाईनं पुन्हा सूर लावला आणि ओळ पूर्ण केली. ओळीच्या शेवटी, तिनं श्वास घ्यायच्या जागी, त्यानं डाव्या हाताचं एक बोट सर्वांत खालच्या पट्टीवर ठेवलं. न्हाणीतला तांब्या तिथे, खालच्या सुरात, हंड्यासारखा बुडत होता. गुड, गुड, आणि भरत आल्यावर बारीक होत गेलेली शेवटची गुड. पुढची ओळ. पुन्हा बोट. काही वेळानं विहिरीतला कलश कुठला आणि स्पीकरमधला कुठला, हे मांडवात बसलेल्यांना कळेना, आणि पोरं हसायची थांबली ती कोणी दटावलं म्हणून नाही. काशीरामनं ढोलकीला हात लावला नाही. शेकडो आवाजांचा मालक एका बोटानं, एका पट्टीवर, एका म्हातारीच्या मागून चालला होता, आणि एकदाही पुढे गेला नाही.

पाणी मांडवात आलं. रीमाच्या पायाशी कलश ठेवून परत जाताना भागूबाई कीबोर्डपाशी उभी राहिली. प्लासिडनं मान खाली घातलेली होती, वाचण्याचा चष्मा नसल्यामुळे आणि इतर कारणांनीही.

“इतकी वरसं तुजी पेटी गात व्हती,” ती म्हणाली. “आज पयल्यांदा तिनं पानी भरलान.”

एवढं बोलून ती आत गेली. ठरवल्याप्रमाणे ती बसली आहे. सुना गातात, ती दारातून चुका काढते.

जेवणाच्या वेळी लविना बापाशेजारी येऊन बसली आणि ओठातल्या ओठात हळूच म्हणाली, “पप्पा, तुमचं होतं तिथेच होतं. ‘पाणी’ या नावानं. मी बाणातला ण केला होता.”

प्लासिडनं थोडा विचार केला. “आणि मी नळातला शोधत बसलो.”

पलीकडे वाढत असलेल्या काशीरामनं ते ऐकलं. “आमच्याकडं नलाला कुठलं पानी येतं, मास्तर. आमचा विहिरीतला न.” आणि त्यानं लविनाच्या पानात न मागता भात घातला.

केसभर पट्टी सरकवून, खांबाला टेकून, परक्यांच्या पंगती वाढून तयार केलेली ती मांडणी अजून टॅबलेटमध्ये आहे. वाऱ्यासारखा आवाज, मंद बासरी, शुद्धलेखन निर्दोष. ती मांडवात कोणी कधी ऐकलेली नाही. प्लासिडला याचं वाईट वाटतं का, असं सालोमीनं एकदा विचारलं. तो म्हणाला, ग्रंथालयात अशी पुष्कळ उत्तम पुस्तकं असतात.

पुढच्या रविवारी लविनानं सगळी नावं होती तशी करून देते म्हटलं. प्लासिड म्हणाला, राहू दे, एकच बदल. तिनं यादी उघडली, ‘पानीपुरी’वर बोट ठेवलं आणि शेवटची दोन अक्षरं खोडली. न तसाच ठेवला. वर तिनं बापाला बजावून सांगितलं की हा अपवाद आहे, आणि अपवादानं नियम मोडत नाही.

डिसेंबरात पॅरिशची पोरं पाणीपुरीच्या नाटुकल्यासाठी आवाज मागायला आली. प्लासिडनं त्यांना सांगितलं की तो आवाज आता भागूबाईचा आहे, तुम्ही दुसरा करा. आणि न्हाणीतला ड्रम दाखवला. सालोमीनं तांब्या आधीच आत नेऊन ठेवला होता.